ओल्या अरण्यातली कोरडी रात्र

पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाला भिजण्याचे भय नसते. किंबहुना भिजण्यासाठीच तो घराबाहेर पडलेला असतो. सुती टी-शर्ट दिवसभर अंगाला चिकटलेला, बुटांत पाणी, सॅकमधला टॉवेलही ओला. तरी संध्याकाळी पायथ्याच्या गावात एखाद्या पडवीत चहा आणि गरम पिठले-भाकरी मिळाली की सगळा शीण पळतो. फार तर दुसऱ्या दिवशी नाक गळते. अशा दहा-वीस ट्रेकनंतर एक समज पक्का होऊन बसतो, की पावसाने काही होत नाही.

हा समज महागात पडू शकेल अशी एक जागा अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातले होह नदीचे खोरे म्हणजे समशीतोष्ण वर्षावनाचे जगातले एक नामांकित उदाहरण. सिएटल आणि आसपास संगणक कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत आणि तिथून मोटारीने साधारण चार तासांवर हे जंगल आहे. पाठीवर तंबू घेऊन एक रात्र तिथे काढायची, असा बेत सुट्टीत सहज ठरतो. बेत उत्तमच. फक्त तो आखताना लोहगड-राजमाचीचा हिशेब लावून चालत नाही.

आकडे पाहिले तर आधी गंमत वाटेल. होहच्या खोऱ्यात वर्षाला साधारण साडेतीन ते सव्वाचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि तो पडत असताना हवा सतरा-अठरा अंशांखाली क्वचितच जाते. होहमध्ये पावसाचा मुख्य काळ हिवाळा. पॅसिफिक महासागरावरून आलेली बाष्पाची हवा सुमारे २,४०० मीटर उंचीच्या माउंट ऑलिम्पसच्या डोंगररांगेला धडकते, वर चढते, थंड होते आणि ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत कोसळत राहते. तेव्हा तापमान शून्याच्या थोडे वर ते दहा अंश एवढेच असते. जुलै-ऑगस्ट त्यामानाने कोरडे, तरी रिमझिम कधीही सुरू होते आणि रात्री पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो.

या ओलाव्याने तिथे जे उभे केले आहे ते पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. सिटका स्प्रूस आणि हेमलॉकचे काही वृक्ष पंचवीस मजली इमारतीइतके उंच आहेत. मेपलच्या फांद्यांवरून शेवाळाचे पडदे लोंबतात. पडलेल्या एखाद्या खोडावर नवी रोपे ओळीने रुजतात आणि शंभर-दोनशे वर्षांनी खोड कुजून गेले तरी झाडे रांगेत उभीच राहतात. मात्र शेवाळाला मानवणारी हवा माणसाच्या शरीराला मानवतेच असे नाही.

माणसाचे शरीर आतून ३७ अंशांवर चालते. हे आतले तापमान ३५च्या खाली गेले की त्या अवस्थेला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाच-दहा अंशांची हवा, ओले कपडे, थोडा वारा आणि दमलेले शरीर एवढे पुरते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, ही एक गोष्ट. दुसरी बाष्पीभवनाची. अंगातल्या कपड्यांनी अर्धा लिटर पाणी शोषले असेल, तर ते अंगावरच वाळवायला सुमारे २९० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे साधारण तीन पोळ्यांची ऊर्जा, आणि ती बहुतांशी शरीराकडूनच वसूल होते. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या धाग्यांमधली हवा, जी खरे तर ऊब देत असते, तिची जागा पाणी घेते. जीन्स तर भिजली की अंगावर ओल्या पोत्यासारखी बसते.

मग चालताना हे का जाणवत नाही? कारण पाठीवर ओझे घेऊन चालणारे शरीर विश्रांतीच्या पाच-सहा पट उष्णता तयार करत असते. भट्टी चालू आहे तोवर घर गरम. चालणारा मुक्कामाला पोचतो, सॅक खाली टाकतो, बसतो आणि भट्टी मंदावते. कपडे ओलेच असतात, अंगात साठवलेली साखर संपत आलेली असते, सूर्य कलतो. म्हणून समशीतोष्ण वर्षावनातल्या एका रात्रीच्या सहलीत सर्वांत जोखमीची वेळ कोणती, तर मुक्कामी पोचल्यानंतरचा पहिला अर्धा तास. सगळे नियोजन या अर्ध्या तासापासून मागे मोजत करायला हवे.

ही गोष्ट विज्ञानाला नीट कळायला एक दुर्घटना घडावी लागली. मार्च १९६४मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर भागात स्काउट तरुणांची ‘फोर इन्स’ नावाची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. डोंगर मोठे नव्हते, हिमवादळ नव्हते. थंड पाऊस आणि वारा होता. त्यात तीन तरुण दगावले. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला आणि पुढे प्रयोगशाळेत तशाच कपड्यांवर पाणी आणि वारा सोडून मोजमाप घेतले. कोरडे असताना पुरेसे वाटणारे कपडे ओले होऊन वाऱ्यात सापडले, की त्यांच्या ऊब राखण्याच्या क्षमतेचा अगदी थोडा अंश उरतो, असे त्यांना आढळले. जोवर माणूस जोराने चालू शकतो तोवर तो निभावतो. थकून वेग कमी झाला की उष्णतेचा जमाखर्च उलटतो, आणि मग घसरण झपाट्याने होते. तरुण, धडधाकट आणि जिद्दी मुलेच यात का सापडतात, याचे उत्तर इथे आहे: थांबायला हवे तेव्हा ती थांबत नाहीत.

घसरणीची चिन्हे आधी हातात दिसतात. झिप लावता येत नाही, बुटाची नाडी सुटत नाही, लायटर हातातून पडतो. मग बोलणे जड होते, पाय अडखळतात, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. अंगाला हुडहुडी भरलेली असते. हुडहुडी ही वाईट नव्हे, ती शरीराची शेवटची मोठी शेगडी असते आणि स्नायूंतली साखर जाळून चालते. तापमान साधारण ३२ अंशांच्या खाली गेले की हीच थरथर मंदावते आणि पुढे थांबते. सोबत्यांना वाटते, ‘चला, याची थंडी गेली.’ प्रत्यक्षात तेव्हा प्रकरण हाताबाहेर जाऊ लागलेले असते.

घोळ असा, की ज्याला हे होते त्याची विचारशक्तीच आधी मंदावते. ‘काय रे, बरा आहेस ना?’ असे विचारले तर ‘हो, मस्त!’ असेच उत्तर येणार. त्यापेक्षा ‘जरा ही झिप लावून दाखव’, ‘दहा पावले सरळ चालून दाखव’ असे सांगणे बरे. सहलीला चौघे असतील तर दोघादोघांच्या जोड्या निघतानाच ठरवाव्यात आणि मुक्कामी पोचताच प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे हात पाहावेत. याला पैसे पडत नाहीत.

इथून सॅक भरण्याकडे वळता येते. तिच्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कोरड्या कपड्यांचा एक जोड, जो फक्त तंबूत घालायचा: लोकरी किंवा सिंथेटिक धाग्याचे लांब बाह्यांचे बनियन आणि पायजमा, जाड लोकरी मोजे, कानटोपी. निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे खरे नाही, डोक्याच्या वाट्याला त्याच्या आकारमानाइतकीच जाते. तरी बाकी अंग झाकल्यावर उघडे तेवढे डोकेच राहते, म्हणून टोपी. हा जोड आणि स्लीपिंग बॅग दोन्ही वेगवेगळ्या जाड प्लास्टिक पिशव्यांत तोंड पिळून बांधून ठेवावीत. सॅकवर चढवायचे रेनकव्हर दिवसभराच्या पावसात पाठीकडून पाणी आत जाऊ देते, त्याच्या भरवशावर राहू नये. पिसांची स्लीपिंग बॅग हलकी आणि उबदार असते, पण ओली झाली की तिचा गोळा होतो. अशा जंगलासाठी सिंथेटिक भरणाची थोडी जड पिशवीच शहाणपणाची. खालची मॅटही चांगली जाड हवी, कारण ओली जमीन रात्रभर पाठीतून उष्णता ओढत असते.

चालण्याचे कपडे वेगळे. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस, सर्वांत वर टोपीचे रेनजॅकेट आणि रेनपँट. सुती काहीही नको, अंतर्वस्त्रेसुद्धा. कितीही महागाचे जॅकेट घेतले तरी शंभर टक्के दमट हवेत घाम बाहेर जायला जागा नसते आणि माणूस आतून भिजतो. त्याला उपाय कपड्याचा नाही, वेगाचा आहे. निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत, घाम फुटू लागला की वेग कमी करावा किंवा फ्लीस उतरवावे, आणि थांबताक्षणी परत चढवावे. थंडी वाजल्यावर नव्हे, थांबताक्षणी.

पायांचे वेगळेच दुखणे असते. शून्य ते पंधरा अंशांच्या ओलाव्यात पाय तासन् तास राहिले तर गोठल्याशिवायही नसा आणि रक्तवाहिन्यांना इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या राहिलेल्या सैनिकांच्या पायांनी हे डॉक्टरांना शिकवले. इंग्रजीत आजही त्याला खंदकाचेच नाव आहे. पाय पांढरे, बधिर आणि नंतर जळजळणारे होतात. एका रात्रीच्या सहलीत तितकी वेळ सहसा येत नाही, पण रात्रभर पाय पूर्ण कोरडे राहतील एवढी काळजी घ्यायलाच हवी. झोपायचे मोजे चालायला वापरण्याचा मोह इथे आवरावा.

होह नदीकाठची पायवाट एका मुक्कामासाठी सोयीची आहे. माहिती केंद्रापासून ती नदीला धरून आत जाते आणि पहिले चौदा-पंधरा किलोमीटर जवळजवळ सपाट आहे. फाइव्ह माइल आयलंड नावाची मुक्कामाची जागा नावाप्रमाणे पाच मैलांवर, म्हणजे आठ किलोमीटरवर आहे; हॅपी फोर त्याच्या किलोमीटरभर पुढे. ओझ्यासह तीन-चार तास. सह्याद्रीत दिवसाला वीस किलोमीटर तुडवणाऱ्याला हे अंतर हास्यास्पद वाटेल, पण तंबू लावून, कपडे बदलून, गरम जेवून उजेडातच मोकळे व्हायचे असेल तर पहिल्या वेळी एवढेच ठीक. जून-जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण उंच झाडांखाली बराच आधी अंधारून येते.

परवान्याची कटकट आहे. आत मुक्काम करायला उद्यानाचा परवाना लागतो, उन्हाळ्यातल्या जागा आधीच भरतात. रस्त्याचीही चौकशी करूनच निघावे. डिसेंबर २०२४मध्ये पुराने होहकडे जाणाऱ्या एकमेव रस्त्याचा तुकडाच वाहून गेला आणि तो मे २०२५मध्ये परत सुरू झाला. आत मोबाइलला रेंज नाही. कुठे मुक्काम, किती वाजेपर्यंत परत येणार आणि न आल्यास कोणाला कळवायचे, हे घरी राहणाऱ्या एकाला लिहून द्यावे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र भाड्याने मिळते, तेही घ्यावे.

खाण्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर मात्र या जंगलाला अगदी तयार आहे. शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळी, डिंकाचे लाडू, तुपात परतलेल्या रव्याचे कोरडे उपम्याचे मिश्रण: हलके, टिकाऊ आणि उष्मांकांनी भरलेले. चालताना दर तासाला थोडे खावे, भूक लागण्याची वाट पाहू नये, कारण हुडहुडीला लागणारे इंधन हेच. झोपण्यापूर्वी तूप-गुळाचे काही खाल्ले तर रात्र सोपी जाते. पाणीही प्यावे. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते, त्यामुळे पावसात उभे राहूनही माणसाच्या शरीरात पाणी कमी पडते.

पण या चविष्ट शिध्याला वास असतो आणि या जंगलात काळी अस्वले आहेत. (तपकिरी ग्रिझली इथे नाहीत.) अन्न, कचरा, टूथपेस्ट, ओठांचे मलमसुद्धा अस्वलाला उघडता न येणाऱ्या कडक प्लास्टिकच्या डब्यात तंबूपासून दूर ठेवावे लागते, हे डबे उद्यानाच्या कचेरीतून मिळतात. लोणच्याची बरणी घरीच बरी. होहच्या काठी अस्वलापेक्षा रूझवेल्ट एल्क हे थोराड सांबरासारखे प्राणी दिसण्याची शक्यता जास्त. त्यांच्याच रक्षणासाठी १९०९मध्ये इथे पहिल्यांदा संरक्षित क्षेत्र जाहीर झाले, राष्ट्रीय उद्यान १९३८चे. शरद ऋतूत त्यांचे नर भलतेच तापट असतात, लांब राहावे.

नदीचे पाणी दुधी दिसते, कारण वरच्या हिमनद्यांनी दळलेल्या दगडाची पूड त्यात असते आणि ती फिल्टर चटकन तुंबवते. बाजूने येणाऱ्या स्वच्छ ओढ्याचे घ्यावे, पण तेही एक मिनिट खळखळून उकळून. जिआर्डियासारखे परजीवी निर्मळ पाण्यातही असतात आणि त्यांचा जुलाब घरी परतल्यावर आठवडाभराने सुरू होतो, तेव्हा सहलीची आठवणही राहिलेली नसते.

शेकोटीवर भिस्त ठेवू नये, लाकूड आतपर्यंत भिजलेले असते. गॅसची छोटी शेगडीच कामाची. मात्र पाऊस आला म्हणून ती तंबूत पेटवणे हा शुद्ध आत्मघात. आगीचा धोका उघड आहे, पण रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू त्याहून फसवा. तंबूची जागा पाहताना मान वर करून पाहावे. वाळक्या, अडकलेल्या फांदीखाली तंबू लावू नये. नदीपात्रातल्या गोट्यांवर लावायचा झाला तर पाण्याची पातळी रेंजरला विचारून. तंबूच्या हवेच्या झडपा थंडी वाजते म्हणून बंद करू नयेत. एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात कपभर तरी पाणी बाहेर पडते, ते कापडावर जमून पहाटे थेंबाथेंबाने स्लीपिंग बॅगवर उतरते.

इतके करूनही एखाद्याला गारठा भरलाच तर चालत राहून ‘गरम करण्याचा’ प्रयत्न सोडावा. आधी आडोसा. ओले कपडे काढून अंग टिपावे, कोरडा जोड घालून मॅटवरच्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरवावे, बाहेरून प्लास्टिक गुंडाळावे. नीट गिळता येत असेल तर गोड, कोमट पेय द्यावे. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीशी आणि काखेत ठेवावी. हातपाय चोळणे ही आपल्याकडची प्रेमाची रीत, पण इथे ती टाळावी. गार पडलेल्या हृदयाला धसमुसळेपणा सोसत नाही. दारूने ऊब आल्यासारखे वाटते, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आणि त्याच वाटेने उरलीसुरली उष्णता निघून जाते. थरथर थांबली असेल, बोलणे असंबद्ध होत असेल तर आडवेच ठेवून हळुवार हाताळावे आणि मदत मागवावी.

पुण्या-नाशिकहून मुलाकडे आलेल्या आई-वडिलांनाही या मुक्कामाला न्यावे का? थायरॉइड कमी असणारे, मधुमेही, झोपेच्या गोळ्या घेणारे आणि सत्तरीपुढचे यांची शरीरे थंडीला उशिरा आणि अपुरा प्रतिसाद देतात. शिवाय रक्तातली साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे थरथर, गोंधळ आणि अडखळणे, गारठ्याच्या लक्षणांसारखीच दिसतात. लहान मुलेही मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. माहिती केंद्राजवळच ‘हॉल ऑफ मॉसेस’ नावाची सव्वा किलोमीटरची फेरी आहे. शेवाळाचे सगळे वैभव तिथे तासाभरात दिसते आणि रात्री गावात छपराखाली झोपता येते.

तंबूतल्या रात्रीनंतर सकाळ उजाडते आणि सर्वांत कठीण काम समोर येते. बाहेर पाऊस असेल तर अंगातला कोरडा, उबदार जोड काढून ठेवायचा आणि कालचे ओले, थंडगार कपडे परत चढवायचे. कोणीही राजी नसते. पण कोरडा जोड घालून चालायला लागले, वाटेत पाय मुरगळला आणि अनपेक्षित दुसरी रात्र काढावी लागली, तर सॅकमध्ये कोरडे काहीच उरत नाही. ओले कपडे चढवून आधी गरम नाश्ता, मग लगेच चालायला सुरुवात. दहा मिनिटांत भट्टी पेटते आणि कपडे सोसण्याजोगे होतात. कोरडा जोड पुन्हा पिशवीत, तोंड पिळून, तळाशी. तो आता मोटारीपर्यंत उघडायचा नाही. मोटारीच्या डिकीत आणखी एक जोड, टॉवेल आणि थर्मासमध्ये पाणी आदल्या दिवशीच ठेवलेले असावे.